कृत्रिम त्वचेची मर्यादा

भाजलेल्या माणसाचा प्राण केवळ आग घेत नाही. त्वचेचे कवच गेले की शरीरातील पाणी झरू लागते, उघड्या जखमांतून जंतू शिरतात आणि आगीचे उरलेले काम पुरे होते. म्हणून जखम लवकर झाकणे हा उपचाराचा गाभा होय. रोग्याच्याच मांडीची वा पाठीची पातळ त्वचा काढून जखमेवर लावणे ही रूढ पद्धत. परंतु ज्याचे बहुतेक अंगच होरपळले, त्याने त्वचा आणावी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७५ साली मानवी त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची रीत शोधली. १९८१ मध्ये बर्क व यान्नास यांनी गायीच्या कातड्यातील कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतील द्रव्य यांपासून खालच्या थराचा सांगाडा बनविला. १९८३ साली पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन बालके बॉस्टनमध्ये वाचली, ती त्यांच्याच पेशींपासून वाढविलेल्या त्वचेमुळे. पुढे २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे आनुवंशिक त्वचारोगाने ग्रासलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या पेशींतील जनुकदोष दुरुस्त करून त्याच्या अंगावरील सुमारे ऐंशी टक्के त्वचा नव्याने उभारण्यात आली. विज्ञानाच्या या पराक्रमाला तोड नाही.

मात्र पराक्रम आणि उपचार यांत अंतर असते. पेशींचे पुरेसे पापुद्रे तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. ते नाजूक असतात. त्यांत घर्मग्रंथी नसतात, केस नसतात. खर्च तर सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. चुलीपाशी पदर पेटलेल्या बाईला ते तीन आठवडे कोण मिळवून देणार?

ते मृताची त्वचा मिळवून देऊ शकते. परक्याची त्वचा शरीर कायमची स्वीकारत नाही हे खरे. पण ती झिडकारली जाईपर्यंतचे काही आठवडे जखम झाकली जाते, वेदना व जंतुसंसर्ग कमी होतो. प्रयोगशाळेला हवा असतो तो नेमका हाच अवधी. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ही त्वचा घेता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि केवळ वरचा पातळ थर काढला जात असल्याने देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती दीर्घकाळ टिकते. मुंबईत शीव येथील रुग्णालयात आणि ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये अशा त्वचापेढ्या आहेत. अवयवदानाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतकांचाही समावेश झाला. अडसर कायद्याचा नाही, तो उदासीनतेचा आहे. नेत्रदान समाजाने आपलेसे केले. त्वचादानाचे नाव काढताच मात्र तो अंग चोरतो.

सरकारने म्हणूनच दोन्ही वाटा धरल्या पाहिजेत. स्वस्त देशी पर्यायी त्वचेच्या संशोधनाला पैसा द्यावा. पण तेवढ्यावर न थांबता प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुसज्ज भाजलेल्यांचा कक्ष उभारून तो त्वचापेढीशी जोडावा. एक वाट उद्याची आहे, दुसरी आजची. उद्याच्या आशेवर आजच्या रोग्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.