चावेल, हे आधी मान्य करू

'चावत नाही हो तो, घाबरू नका.' घरात साप पाळणारी मुलं आजीला, मावशीला, घरी आलेल्या पाहुण्यांना हेच सांगतात, आणि आपण पालकही त्यांच्या सुरात सूर मिळवतो. हे वाक्य आपण सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. तोंड असलेला कुठलाही प्राणी चावू शकतो. 'चावत नाही' या भरवशावर धरलेला धीर पहिल्याच दंशाला सुटतो. मग त्या सापाला कोणी हात लावत नाही, टाकी साफ करायचीही टाळाटाळ होते, आणि शेवटी त्याच्यासाठी दुसरं घर शोधायची वेळ येते.

आपली भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या माणसाला शिकवावी लागत नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे. अशा देशात आयुष्य काढलेल्या आजीला 'त्यात काय घाबरायचं' म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. तिला नीट माहिती द्यावी. इथे अमेरिकेत घरोघरी दिसतात ते मुख्यतः कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन, दोन्ही बिनविषारी. कॉर्न स्नेक इथल्याच आग्नेय राज्यांतला, आपल्या तस्कराच्या नात्यातला. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला. आपल्या अजगराच्याच कुळातला, पण लांबीला साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की तो बहुधा डोकं आत घेऊन अंगाचं वेटोळं करतो.

तरीही दोघे चावतात, आणि त्याची कारणं दोनच. एक भूक, दुसरं भय. भुकेचा दंश बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो. गोठवलेला उंदीर वितळवून झाल्यावर हात न धुता टाकीत घातला, तर सापाच्या लेखी तो हात म्हणजे जेवणच. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. समोरून आलेला, उंदराच्या वासाचा ऊबदार हात त्याने पकडला तर त्याचं काय चुकलं? म्हणून खाणं लांब चिमट्याने द्यावं आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला बाहेर काढू नये. एरवी उचलण्याआधी आकडीने अंगाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे ही जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं. भयाच्या दंशाची सूचना तर आधीच मिळते. मान इंग्रजी 'एस'सारखी मागे ओढलेली, फुत्कार, शेपटीची थरथर. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो जास्त बिथरतो. त्या दिवसांत त्याला त्याच्या जागी राहू द्यावं.

एवढं करूनही चावलाच तर? गुलाबाच्या झुडपात हात गेल्यासारखं ओरखडतं, बारीक टिपक्यांतून थोडं रक्त येतं. भयाचा दंश क्षणात सुटतो. भुकेचा असेल तर तो धरून ठेवतो, आणि तिथेच धीर लागतो, कारण दात मागे वळलेले असतात. हात हिसकला तर आपली कातडी फाटते आणि त्याचे दातही तुटू शकतात. थांबावं, त्याच्या तोंडावर गार पाणी सोडावं. सुटला की जखम साबणाने धुवावी. सूज वाढली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांकडे जावं. खरं सांगायचं तर दंशापेक्षा साल्मोनेलाच्या जंतूंची काळजी जास्त घ्यायला हवी. साप हाताळल्यावर हात धुतलेच पाहिजेत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊच नये.

पण एवढं समजलं म्हणून हात थरथरायचा थांबत नाही. १९६९ साली स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बँड्युरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची आत्यंतिक भीती असलेल्या माणसांवर प्रयोग केला. काहींनी सापाची नुसती कल्पना केली, काहींनी चित्रफिती पाहिल्या. सर्वांत जास्त फरक पडला तो ज्यांनी आधी जवळून पाहिलं आणि मग जाणत्या माणसाच्या सोबतीने, पायरीपायरीने स्वतः साप हाताळला त्यांना. आजीलाही हीच वाट मोकळी ठेवावी. आधी दारातून पाहणं, मग नातीच्या हातातल्या सापाच्या शेपटीकडे बोट लावणं. तिला तिथेच थांबायचं असेल तर तिथेच थांबू द्यावं. मनाविरुद्ध अंगावर साप टाकणं हा क्रूरपणा आहे, गंमत म्हणूनसुद्धा.

मुलांच्या बाबतीत आपली जबाबदारी आणखी मोठी आहे. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग वाचण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. रानात वाढलेल्यांना घाबरताना पाहून ती त्यांना थोड्याच वेळात जडली. पण ज्यांनी आधी न घाबरणारी माकडं पाहिली होती, त्यांतल्या बहुतेकांना नंतर ती भीती शिवली नाही. आपली किंकाळी मुलं शिकतात, तसा आपला शांतपणाही शिकतात.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीचं. इथे सापाशी खेळलेलं मूल कोकणात आजोळी जातं, पडवीत साप दिसतो आणि ते ओळखीच्या भावनेने हात पुढे करतं. बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार यांच्यात मोठी माणसंही फसतात. म्हणून जायच्या आधी मुलाला बजावायला हवं, की तुझी ओळख तुझ्या टाकीतल्या सापाशी आहे; तिथे साप दिसला की मागे सरायचं, मोठ्यांना हाक मारायची, सर्पमित्राला बोलवायचं. भारतात तिथले रानातले साप कायद्याने पाळताही येत नाहीत, हेही त्याला सांगावं. दंश काय असतो हे घरी प्रामाणिकपणे ऐकलेल्या मुलाला हा फरक चटकन पटतो. 'साप चावत नाहीत' एवढंच ऐकत वाढलेल्या मुलाला तो विमानतळावर घाईघाईने कसा समजावणार?