खेळ तोच, आवड वेगळी?

विद्यार्थी मित्रांनो, 'जपानी लोकांना हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम आवडतात, अमेरिकनांना टीव्हीवरचे' असे कोणी सांगितले, तर लगेच मान डोलावू नका. यात कारण कोठे आले? जे दिसले, त्यालाच 'आवड' हे नाव दिले, एवढेच!

'मॉन्स्टर हंटर' या जपानी खेळाचे उदाहरण घ्या. २००५ साली तो पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. चौघांनी मिळून अजस्र प्राण्यांची शिकार करायची. पण यंत्रांतील बिनतारी संदेश थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत, म्हणून चौघे जवळ बसलेले हवेत. जपानच्या दाट वस्तीत, आगगाडीने शाळा-कचेरी गाठणाऱ्यांना हे सहज जमे. तेथे या मालिकेच्या लक्षावधी प्रती खपल्या. अमेरिकेत घरे दूरदूर, प्रवास बहुधा मोटारीचा. तेथे खप बेताचाच राहिला.

पुढे २०१८ साली 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आला. सोबती इंटरनेटवर शोधता येत. तो अमेरिका-युरोपातही भरघोस खपला. त्यात इतर सुधारणाही होत्या, म्हणून हा निर्णायक पुरावा नव्हे. पण 'त्यांना हा खेळच रुचत नाही' हे विधान मात्र टिकले नाही.

एखादा लंबक सावकाश हलला, तर 'त्याचा स्वभावच तसा' असे आपण वहीत लिहीत नाही. दोऱ्याची लांबी मोजतो. माणसांविषयी बोलतानाही आधी दोरा मोजावा, हे बरे!