टपालपेटीची झाडलोट

दिवाळीपूर्वीं माळा झाडावयास घेतला, म्हणजे घरांतील वडील माणूस प्रत्येक डबा उघडून पाहतें आणि मगच तो टाकावयास देतें. ई-मेलची पेटी साफ करतांना ही सावधगिरी क्वचितच आढळते. आज्ञांची एक लहानशी स्क्रिप्ट लिहून चालविली, कीं वर्षानुवर्षांचीं पत्रें क्षणांत नाहींशीं होतात.

आमची सामाईक पेटी अशीच भरली व नवीं पत्रें येईनात. पुतण्यानें २०१५ पूर्वींचीं सारीं पत्रें काढून टाकणारी स्क्रिप्ट तयार केली. ती चालविणार, तोंच वहिनींनीं विचारलें, "अरे, मामंजींचीं पत्रें त्यांतच आहेत ना?" आमचे वडील २०१३ सालीं वारले, नातवंडांस लिहिलेलीं त्यांचीं पत्रें त्याच पेटींत होतीं.

सर्व्हरवरील पेटीशीं व्यवहार करण्याची 'आयमॅप' ही पद्धति मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं रचली. तींत पत्र नष्ट करण्याच्या पायऱ्या दोन आहेत. प्रथम पत्रावर 'डिलिटेड' अशी खूण होते. पत्र जागच्या जागींच असतें व खूण पुसतांही येते. पुढें 'एक्सपंज' ही आज्ञा दिली, म्हणजे खुणेचीं पत्रें पेटींतून जातात. मग तीं परत मिळण्याचा भरंवसा नाहीं. शिवाय पांचवें पत्र गेलें, कीं सहावें पांचवें होतें. म्हणून स्क्रिप्टमध्यें अनुक्रमांक न वापरतां 'यूआयडी' हा न बदलणारा क्रमांक वापरावा. हें न केल्यास भलत्याच पत्रावर गदा येते.

पुतण्यानें मग स्क्रिप्टचे दोन भाग केले. पहिल्या भागानें कांहींएक न पुसतां प्रेषक, तारीख व विषय यांची केवळ यादी दिली. ती आम्हीं सर्वांनीं रात्रीं जेवणानंतर वाचली. वडिलांचें एक पत्र तर कोणीं उघडलेंच नव्हतें; त्यांत त्यांनीं आंब्याच्या पेटीची पोंच विचारली होती. वहिनींनीं तें दोनदां वाचावयास लावलें. वडिलांचीं सर्व पत्रें निराळ्या डिस्कवर उतरून घेतलीं, तीं नीट उघडतात अशी खात्री केली, आणि नंतरच दुकानांच्या जाहिरातींवर खूण करून दुसरा भाग चालविला. तेवढ्यानेंही पेटी पुरेशी मोकळी झाली.

ज्यांच्या घरीं असें काम निघेल, त्यांनीं खूण करणें व पुसणें या दोन आज्ञा एका दमांत देऊं नयेत. मधली एक रात्र घरच्या मंडळींस यादी वाचण्यासाठीं ठेवावी.