वेठ संपली का?

'वेठबिगार' हा शब्द आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो, परीक्षेपुरता पाठ करतो आणि सोडून देतो. पण आपल्या भागातल्या माणसाला तो विसरून चालणार नाही. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-उंबरगाव तालुक्यांत वारली जमीनदाराकडे फुकट राबत. लग्नासाठी कर्ज काढणारा 'लग्नगडी' होई आणि बायकोसह मालकाच्या दारी अडकून पडे. १९४५ साली गोदावरी परुळेकर व किसान सभेच्या साथीने याच वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठीला बंदी घातली, १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही झाला. मग वेठ संपली का? मला वाटते, तिने वेष पालटला आहे.

शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे पावसाळ्यात हाताला काम नसताना बयाणा उचलतात आणि पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. आठवड्याला खर्ची, हिशेब हंगाम संपल्यावर. वही मालकाची. अंगावर पैसे राहिले की पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी!

आपण शिकलो म्हणजे यातून सुटलो काय? धसईची मुले मुरबाडच्या कारखान्यांत, कल्याणच्या दुकानांत, भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. मीही सुट्टीत एका गोदामात काम केले. तिथे रजा मागितली की शिवी मिळे. जादा तासांचे पैसे नेहमी 'पुढच्या महिन्यात' असत. चूक एकाची, पाणउतारा सर्वांदेखत. मुकादमाच्या मर्जीतल्याला हलके काम, म्हणून जो तो दुसऱ्याच्या चहाड्या सांगे. सोमवार उजाडायच्या आधीच पोटात गोळा येई.

कोणी म्हणेल, ही शिस्त आहे. पण शिस्त आधी सांगितलेली असते आणि सर्वांना सारखी असते. जुलूम माणूस पाहून बदलतो. कामातली चूक दाखवणे ही शिस्त. माणसाची जात, गाव, बोली काढणे हा जुलूम.

'सोडून दे नोकरी' हा सल्ला सोपा आहे. घरी कर्ज आणि बहिणीचे लग्न असलेल्याला तो परवडत नाही. त्याने निदान एवढे करावे. हजेरी, तास आणि मिळालेले पैसे रोज स्वतःच्या वहीत लिहावेत. एकट्याने भांडू नये, चौघांनी मिळून बोलावे. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. हे ठाऊक असावे. मुलींनी लक्षात ठेवावे की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कामाच्या जागी तक्रार समिती सक्तीची केली आहे; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि दुसरे काम मिळेपर्यंत तिथे राहावे लागले, तरी मुकादमाच्या शिव्या खऱ्या मानू नयेत.

मित्रांनो, १९४५ च्या वारल्यांपाशी पदवी नव्हती, एकमेकांची साथ होती. आपल्यापाशी लेखणी आहे. तिने आपला हिशेब तर लिहावाच, पण गावी आल्यावर शेजारच्या वाडीवरल्या भट्टीमजुराचाही लिहून द्यावा. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हायला नको का?