जाणाऱ्या आमदारांना एक विचारायचं

१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचं मतदान. शिरूर आणि दौंडच्या आमदारांची २००४ पासूनची मुदत संपत आली. आता गाड्या थेट वस्तीपर्यंत येतील. (रस्ता बरोबर सापडेल.)

आम्ही भिल्ल, ठाकर, पारधी. दोन्ही तालुक्यांत विखुरलेले, मतं थोडी. दाव्याचं विचारलं की ऐकायला मिळतं, "हा काय आदिवासी तालुका आहे?" आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यासारखं अनुसूचित क्षेत्र इथं नाही, खरंय. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात तशी अटच नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून फॉरेस्टची जमीन कसणारा आदिवासी इथंही दावा करू शकतो, चार हेक्टरपर्यंत.

आणि पट्टा आमदार देत नाही. दावा ग्रामसभेत, तिथून प्रांताच्या समितीकडे, शेवटी कलेक्टरच्या. म्हणून "निवडून द्या, पट्टा देतो" असल्या बोलण्याला भुलायचं नाही. जाणाऱ्याला विचारा, आमच्या दाव्यांसाठी विधानसभेत किती वेळा उठलात? नव्याला विचारा, उठणार का? उत्तर माइकवर द्यायला लावा.

प्रचाराच्या गडबडीत दाव्याचे कागद मागं पडू देऊ नका. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. म्हातारी माणसं आहेत तोवर तो लिहून घ्या.