गृहारोग्य : एकाचे मलम, दहाजणांचे हात

एकत्र कुटुंबात पंचांग, अडकित्ता, ओव्याची पुरचुंडी यांवर कोणा एकाची मालकी नसते. ज्यास लागेल त्याने घ्यावे. हाच उदार न्याय आपण औषधांच्या कपाटासही लावतो, आणि तेथे मात्र तो अंगाशी येतो. सासूबाईंच्या हातावरील इसबासाठी डॉक्टरांनी दिलेले मलम पुढे नातवाच्या लंगोटाखालील लालीस, सुनेच्या गालावरील वांगास व पुतण्याच्या जांघेतील गजकर्णास लागू लागते. पहिल्या दोन दिवसांत सर्वांनाच गुण दिसतो, म्हणून नळी संपली की तीच पुन्हा आणविली जाते. या मलमाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावांवरील संशोधनाबद्दल केंडल, राइखश्टाइन व हेंच या तिघांस १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील हायड्रोकॉर्टिसोन हे द्रव्य मलमरूपाने त्वचारोगांत उपयोगी पडते, हे १९५२ साली सुल्झबर्गर व विटन यांनी दाखविले. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत त्वचेचा दाह शमविणे व कंड थांबविणे हे या स्टेरॉइड मलमांचे काम होय. आणि ते ती उत्तम रीतीने करतात.

तथापि सर्व मलमे एका बळाची नसतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बीटामेथासोन व मोमेटासोन बहुधा तीव्र, आणि क्लोबेटासॉल अतितीव्र. नळीवरील ठळक नावाखाली बारीक अक्षरांत असलेले हे शब्द घरातील निदान एका माणसाने तरी वाचावयास शिकावे. बळाइतकेच महत्त्व जागेस आहे. हाताच्या पुढील भागावर जितके औषध शरीरात मुरते, त्याच्या सुमारे सहापट कपाळावर व तेरापट जबड्यावर मुरते, असे १९६७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आढळले. तळपायातून मात्र फारच थोडे जाते. म्हणून तळपायाच्या जाड इसबावर योग्य असलेले मलम चेहऱ्यावर अयोग्य ठरते. झाकलेल्या जागी ते अधिक मुरते, आणि तान्ह्या बालकाचा लंगोट हे झाकणच होय. लहान मुलास तीव्र मलम फार दिवस व फार जागी लावल्यास त्याच्या स्वतःच्या ग्रंथींचे काम मंदावून वाढ खुंटण्याचा संभव असतो.

गौरवर्णाच्या मोहाने चेहऱ्यास रोज हे मलम चोळणाऱ्या मुलींची अवस्था विशेष कष्टाची होते. प्रथम कांती उजळल्यासारखी भासते. पुढे त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात, मुरुम व लव येते. मलम सोडावे तर चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम. या चक्रातून सुटण्यास त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली महिने जातात. विवाह ठरावा म्हणून आरंभलेला हा उपाय मुलीस जन्माची चिंता लावून जातो.

गजकर्णाची गोष्ट निराळी. ते बुरशीपासून होते. स्टेरॉइडने कंड शमतो, पण बुरशीस रान मोकळे मिळते. चट्टे पसरतात, त्यांचे रूप पालटते व डॉक्टरांसही ओळख पटेनाशी होते. शिवाय एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या घरात ते एकावरून दुसऱ्यावर जाते. स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र घातलेली मिश्र मलमे या कामी फार घातक ठरली आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. परंतु दुकानदाराने मागताच नळी हाती ठेवली, तर कायदा कागदावरच राहतो. तेव्हा मागणाऱ्यानेच संयम राखला पाहिजे.

एवढे वाचून कोणी भिऊन सर्वच मलमे केरात टाकील, तर तेही आम्हांस मान्य नाही. इसबाने रात्ररात्र खाजविणाऱ्या मुलास ‘स्टेरॉइड नको’ म्हणून तळमळत ठेवणे हा निर्दयपणा होय. भीतीने चिमूटभर लावल्यास दाह शमत नाही व उपचार मात्र लांबतो. प्रमाण सोपे आहे : प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. मोठ्या माणसाच्या एका संपूर्ण बाहूस अशा तीन व एका पायास सहा रेघा लागतात. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, विकाराच्या जागीच पातळ थर द्यावा. त्वचा कोरडी पडू नये म्हणून साधे स्निग्ध मलम निराळ्या वेळी लावावे. डोळ्यांजवळ तज्ज्ञाच्या सांगण्यावाचून लावू नये, कारण त्याने काचबिंदूचे भय असते. आणि तीव्र मलम दीर्घकाळ वापरले असल्यास ते एकाएकी न सोडता डॉक्टरांस विचारून कमी करीत आणावे.

मलम घरी येताच नळीवर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कोणासाठी, कोणत्या जागी, किती दिवस. मुदत सरल्यावर उरलेली नळी सामाईक कपाटात ठेवू नये. एकत्र कुटुंबात पुष्कळ गोष्टी वाटून घेण्यात गोडी आहे. दुसऱ्याच्या नावचे औषध मात्र त्यांत धरू नये.