गॅसची नळी कोण तपासणार?



रोवणी आटोपल्यावर घरभेटींसाठी एका गावी गेलो होतो. नवे पक्के घर, स्वयंपाकघरात ओटा, ओट्यावर शेगडी. सिलिंडर मात्र कोठे दिसेना. विचारले तेव्हा कळले की, जागा अडते म्हणून तो शेजारच्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे ठेवला आहे. भिंतीला भोक पाडून त्यातून प्लास्टिकची हिरवी नळी शेगडीपर्यंत आणली होती. मध्ये एक जोड होता व त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. घरधनी कौतुकाने म्हणाले, "फादर, आपल्या नळमिस्त्रीनं बसवली आहे. त्याच्या हातचं काम, एक थेंब गळत नाही."

मी म्हटले, "दादा, पाणी गळलं तर फरशी ओली होते. गॅस गळला तर काय ओलं होणार?"

घराला पंचायतीची परवानगी होती, विजेचे मीटर होते. पण ज्या नळीवर साऱ्या घराचा जीव अवलंबून, ती कोणीही पाहिली नव्हती. आज मला याच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे आपल्या बालाघाट जिल्ह्यातील अनेक गरीब घरांत गॅस आला. धुराने लाल होणारे आयाबहिणींचे डोळे निवले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु सिलिंडर जितक्या लवकर आला, तितक्या लवकर त्याची जाण आली नाही.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि पोत्यांमागे, ओट्याखाली साचून राहतो. हवेच्या शंभर भागांत त्याचे जेमतेम दोन भाग मिसळले तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. काडीच ओढली पाहिजे असे नाही, विजेचे बटन दाबले तरी पुरते. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन गावी बिनवासाचा गॅस शाळेखाली साचून स्फोट झाला व सुमारे तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुले होती. त्यानंतर तेथे गॅसला वास देणे सक्तीचे झाले. तेव्हा तो वास आला की "येतच असतो" म्हणून सोडून देऊ नका.

लहानशा जोडणीने काय होते, याचा दाखला लंडनमध्ये आहे. १६ मे १९६८ रोजी पहाटे तेथील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी ओढली. स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे मेली. चौकशीत आढळले की, शेगडीच्या नळीला जोडणारा एक पितळी नट निकृष्ट होता. त्यानंतर तेथे इमारतींचे नियम कडक झाले आणि १९७० मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. आज तेथे नोंदणी नसलेला मिस्त्री गॅसच्या कामाला हात लावू शकत नाही. आपल्याकडे ज्याच्या हातात पाना, तो गॅसमिस्त्री! मुंबईत लालबागच्या साराभाई इमारतीत ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी लग्नाच्या घरी असाच गॅस गळून स्फोट झाला, अनेकजण भाजले व काही दगावले.

मग आपल्याकडे पाहावे कोणी? सिलिंडरच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय जवळच नागपूरला आहे, पण ती प्रत्येकाच्या ओट्याखाली डोकावणार नाही. गॅसनळांसाठी भारतीय मानके आहेत, ती कागदावर. दर पाच वर्षांनी घरच्या जोडणीची तपासणी व्हावी, असा कंपन्यांचा नियम आहे. पण "सही करा, झालं" म्हणून दारातूनच परतणारा माणूस आणि सही करून मोकळे होणारे आपण, दोघेही सारखेच दोषी आहोत.

माझे स्पष्ट मत असे : घर पुरे झाल्याचा दाखला देण्यापूर्वी पंचायतीने वा नगरपालिकेने गॅसची जोडणीही जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावी. दोष आढळल्यास तो लिहून द्यावा, म्हणजे तोंडी धमकी व चिरीमिरीला वाव राहणार नाही. दोष जिवावरचा असेल तर जागच्या जागी गॅस बंद करावा.

यावर एक आई मला म्हणाली, "फादर, बंद केला तर आम्ही पुन्हा चुलीपुढे बसायचं का?" तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच बंद करून निघून जाणारा तपासनीस मला अर्धाच वाटतो. दुरुस्ती कोणी व केव्हा करावी हे त्याने सांगावे आणि मुदतीत परत यावे. नळीची किंमत ज्या घराला जड जाते, तिथे शेजाऱ्यांनी व आपल्या धर्मग्रामाने हातभार लावावा. पण दुरुस्ती होईपर्यंत चार दिवसांचा धूर सोसावा. भाजलेले लेकरू सोसवत नाही.

तोवर आपल्या हाती असलेले आजच करा. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरच्या आत, अखंड आणि डोळ्यांसमोर असावी. ती भिंतीतून नेऊ नये व पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर उभा व शेगडीपेक्षा खाली असावा. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडीने कधीही नाही. वास आल्यास रेग्युलेटर बंद करा, दारेखिडक्या उघडा, विजेच्या बटनाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. गोबरगॅस असलेल्यांनीही संयंत्रापासूनचा नळ तपासावा. त्यात साचलेले पाणी काढावे व उन्हाने तडकलेला प्लास्टिकचा नळ बदलावा.

त्या घरची नळी दुसऱ्या दिवशी बदलली. सिलिंडर आता ओट्याजवळ आहे, जागा थोडी अडते. आपल्या घरची नळी आपण शेवटची केव्हा पाहिली? आज संध्याकाळी स्वयंपाकाआधी एकदा वाकून पाहा.

आपला,
धर्मगुरू